कुठे भरती, कुठे ओहोटी : महाराष्ट्रातील जिल्ह्यांच्या लोकसंख्येचा विषम प्रवास

खास प्रतिनिधी

लोकसंख्या म्हटली की ती वाढणारच, असे आपण गृहीत धरून चाललेलो असतो. 'लोकसंख्येचा विस्फोट' हा शब्दप्रयोग शाळेतील निबंधापासून मंत्र्यांच्या भाषणापर्यंत इतका रुळलेला आहे की, एखाद्या जिल्ह्याची माणसे दहा वर्षांत कमी झाली, हे वाक्यच कानाला चमत्कारिक वाटते. २०११ च्या जनगणनेत मात्र महाराष्ट्रातील तेव्हाच्या ३५ जिल्ह्यांपैकी तीन जिल्ह्यांच्या वाढीपुढे उणे चिन्ह लागले. मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे ते तीन जिल्हे. त्याच दशकात ठाणे जिल्ह्याने १ कोटी १० लाखांचा पल्ला ओलांडून देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा हे स्थान मिळविले.

या गोष्टीला बरीच वर्षे उलटली असली तरी तिचा हिशेब अद्याप मिटलेला नाही. करोनाच्या साथीमुळे २०२१ ची जनगणना होऊ शकली नाही. नव्या जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली आणि तिच्यासाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरविण्यात आली. साहजिकच इतकी वर्षे शासकीय कागदोपत्री २०११ चेच आकडे आधार म्हणून वापरले गेले. जिल्ह्याला आमदार किती, ग्रामपंचायतीला सदस्य किती, आरोग्य केंद्र कुठे आणि शाळा कोणती चालू ठेवायची, हे सारे शेवटी डोक्यांच्या मोजणीवर येऊन ठेपते. म्हणूनच कोणत्या जिल्ह्याची लोकसंख्या का वाढली, कोणत्या जिल्ह्याची का घटली, हे नवी मोजणी हाती येण्यापूर्वी नीट समजून घेणे आवश्यक आहे.

सरासरीच्या पोटात

प्रथम राज्याचे चित्र पाहू. २००१ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या ९ कोटी ६८ लाख ७८ हजार ६२७ होती. २०११ मध्ये ती ११ कोटी २३ लाख ७४ हजार ३३३ झाली. दशवार्षिक वाढीचा दर १५.९९ टक्के. त्याआधीच्या दशकात हाच दर २२.७३ टक्के होता, म्हणजे वाढीचा वेग स्पष्टपणे मंदावला. १९९१ ते २००१ या काळात राज्याचा दर देशाच्या दरापेक्षा अधिक होता. पुढील दशकात तो देशाच्या १७.७ टक्क्यांच्या खाली गेला.

परंतु सोळा टक्के हा आकडा प्रत्यक्षात फारच थोड्या जिल्ह्यांना लागू पडतो. ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढला, पुणे ३०.४ टक्क्यांनी, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) २७.८ टक्क्यांनी, नाशिक २२.३ टक्क्यांनी. दुसऱ्या टोकाला वर्धा ५.२ टक्के, भंडारा ५.७ टक्के, चंद्रपूर ६.४ टक्के आणि सातारा ६.९ टक्के. आणि सर्वांत तळाशी सिंधुदुर्ग उणे २.२, रत्नागिरी उणे ४.८ आणि मुंबई शहर उणे ७.६ टक्के.

टक्केवारीपेक्षा प्रत्यक्ष माणसे मोजली तर ही विषमता अधिक ठसठशीत दिसते. दहा वर्षांत राज्यात १ कोटी ५४ लाख ९५ हजार माणसांची भर पडली. त्यांपैकी २९ लाख २८ हजार एकट्या ठाणे जिल्ह्यात आणि २१ लाख ९७ हजार पुणे जिल्ह्यात. म्हणजे ३५ पैकी अवघ्या दोन जिल्ह्यांनी राज्याच्या एकूण वाढीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग आपल्याकडे घेतला. वर्धा आणि भंडारा या दोन जिल्ह्यांची मिळून वाढ १ लाख २८ हजार एवढीच होती.

दोन प्रकारची वाढ

जिल्ह्याची लोकसंख्या दोन कारणांनी बदलते. जन्म आणि मृत्यू यांतील फरक म्हणजे नैसर्गिक वाढ, आणि बाहेरून आलेली माणसे व बाहेर गेलेली माणसे यांतील फरक म्हणजे स्थलांतराची बाकी. वृत्तपत्रांतून आणि सभांतून या दोहोंची नेहमी सरमिसळ होते. नंदुरबार जिल्हा त्या दशकात २५.७ टक्क्यांनी वाढला आणि पुणे ३०.४ टक्क्यांनी. आकडे शेजारी शेजारी ठेवले तर दोन्ही जिल्हे एकाच जातकुळीचे वाटावेत. प्रत्यक्षात पुण्याच्या वाढीमागे हिंजवडीतील संगणक कंपन्या, चाकण-रांजणगावचे कारखाने आणि राज्यभरातून आलेले विद्यार्थी आहेत. पिंपरी-चिंचवड महापालिकेची लोकसंख्या याच काळात सुमारे १० लाखांवरून १७ लाखांवर गेली. नंदुरबारला असे ओढून घेणारे काही नाही. तेथील वाढ ही प्रामुख्याने जन्मदराची वाढ आहे, आणि रोजगारासाठी गुजरातेत जाणारे मजूर वजा करूनही ती उरली आहे.

मराठवाड्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची. उस्मानाबाद (आताचे धाराशिव) वगळता तेथील सर्व जिल्हे राज्याच्या सरासरीहून अधिक वेगाने वाढले. एकट्या बीड जिल्ह्याची वाढ १९.६ टक्के आहे. ज्या जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी टोळ्याच्या टोळ्या कोयता घेऊन बाहेर पडतात, त्याचा हा आकडा आहे. २०११ मधील शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली, आणि फेब्रुवारी म्हणजे गाळपाचा ऐन हंगाम. जनगणनेच्या नियमानुसार जी व्यक्ती मोजणीच्या संपूर्ण काळात घरापासून दूर असते, तिची नोंद ती जेथे सापडेल तेथे व्हावयाची असते. कारखान्याच्या तळावरील कोपीत राहणाऱ्या कुटुंबाची नोंद किती काटेकोरपणे झाली असेल, याविषयी शंका घेण्यास जागा आहे. हंगामी स्थलांतर पकडण्यासाठी दहा वर्षांतून एकदा टाकलेले हे जाळे नाही, एवढे मात्र खरे.

चाकरमान्यांचा मुलूख

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग यांचे उणे चिन्ह समजून घ्यायचे तर थोडे मागे गेले पाहिजे. १ मे १९८१ पर्यंत हे दोन्ही मिळून एकच रत्नागिरी जिल्हा होता. या जिल्ह्याने मुंबईला गिरणी कामगार, गोदी कामगार, पोलीस, घरगडी आणि कारकून पुरविले. वेंगुर्ले, मालवण, देवगड, रत्नागिरी या बंदरांतून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरायचे, गिरणगावात गावकऱ्यांच्या गाळ्यात पथारी टाकायची, खानावळीत जेवायचे आणि महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर धाडायची, हा कित्येक पिढ्यांचा क्रम होता. अर्थशास्त्राच्या पुस्तकांतून कोकणाला 'मनीऑर्डरवर जगणारा प्रदेश' म्हणण्याची पद्धत त्यातूनच पडली.

पण त्या काळात जिल्हा रिकामा होत नव्हता, हे ध्यानात घ्यावे लागेल. जात होता तो कर्ता पुरुष. बायको, मुले, आईवडील गावीच असत. शेतीची नांगरणी-लावणी, गोठा, देवाधर्माचे मान आणि घर ही सारी बायकांच्या जिवावर चाले. म्हणूनच या जिल्ह्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा नेहमीच अधिक राहिली. २००१ मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११३६ आणि सिंधुदुर्गात १०७९ स्त्रिया होत्या. २०११ मध्येही राज्याचे प्रमाण ९२९ असताना हजाराच्या वर आकडा असलेले हे दोनच जिल्हे होते. ही स्त्रियांच्या उत्तम स्थितीची खूण आहे, असे कौतुकाने लिहिले जाते. त्यात तथ्य नाही असे नव्हे, पण हा आकडा मुख्यतः गैरहजर पुरुषांचा आकडा आहे. त्याची दुसरी बाजू ठाण्याच्या ८८६ मध्ये आणि मुंबई शहराच्या ८३२ मध्ये दिसते.

आता याच आकड्यांतील बदल पाहा. २००१ ते २०११ या काळात रत्नागिरीतील प्रमाण ११३६ वरून ११२२ वर आणि सिंधुदुर्गातील १०७९ वरून १०३६ वर आले. लोकसंख्या घटत असताना स्त्रियांचे प्रमाणही खाली येते, याचा एक अर्थ असा की आता एकटा पुरुष जात नाही, कुटुंब उठून जाते. बालकांमधील मुलींच्या प्रमाणातील घसरणीचाही यात वाटा आहे. मात्र सिंधुदुर्गातील एवढा मोठा फरक केवळ तेवढ्याने पडणार नाही.

हा पालट १९८२ च्या गिरणी संपानंतर सुरू झाला असे म्हणता येईल. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप संपला असे कधी जाहीर झालेच नाही, गिरण्या मात्र एकामागून एक बंद पडत गेल्या. काही कामगार गावी परतले. त्यांची पुढची पिढी पुन्हा बाहेर पडली, पण ती गिरणगावातील गाळ्यात गेली नाही. नालासोपारा, विरार, दिवा, डोंबिवली, बदलापूर येथे एका खोलीचे का होईना, स्वतःचे घर झाले आणि घर झाल्यावर बायको-मुलेही तेथेच आली. मुलांची शाळा तेथली, दवाखाना तेथला. गावी उरले ते म्हातारे आईवडील. त्यांच्या मागे घराला कुलूप आणि किल्ली शेजाऱ्याकडे.

२६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली तेव्हा आता कोकणी माणूस गावातच राहील, उद्योग गावात येतील, अशी मोठी आशा होती. रेल्वेने मुंबई एका रात्रीच्या अंतरावर आणली, हे खरे. पण रूळ दोन्ही बाजूंनी चालतात. १९९१ ते २००१ या दशकात रत्नागिरी जिल्हा ९.९ टक्क्यांनी, म्हणजे दीड लाख माणसांनी वाढला होता. रेल्वेनंतरच्या पहिल्या पूर्ण दशकात त्यात ८१ हजार ७०८ माणसांची घट झाली. या घटीचे खापर रेल्वेवर फोडणे अन्यायाचे होईल. प्रवास सोपा झाला म्हणजे माणसे परततात, हा समज मात्र या आकड्यांनी खोटा पाडला. सोपा प्रवास सणाला येण्यासाठी पुरतो. गणपतीत आणि शिमग्यात जी गर्दी या गाड्यांना लोटते ती पाहणाऱ्याला जिल्ह्याची लोकसंख्या घटते आहे यावर विश्वास बसणार नाही. जनगणना भाद्रपदात घेतली असती तर कोकणाचे चित्र निराळे दिसले असते, असे विनोदाने म्हणता येईल.

घटीला आणखी एक कारण आहे आणि ते फारसे बोलले जात नाही. जन्म कमी झाले आहेत. राज्याचा एकूण जननदर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १.७ इतका खाली आला. पिढी तितक्यास तितकी राहण्यासाठी तो २.१ असावा लागतो. ज्या जिल्ह्यातून मुले होण्याच्या वयाची जोडपीच निघून गेली, तेथे हा परिणाम दुप्पट होतो. तरुण गेले म्हणून जन्म घटले आणि उरलेल्यांत वृद्ध अधिक म्हणून मृत्यूचे प्रमाण चढे राहिले. स्थलांतराने आरंभ झालेली घट मग आपोआप पुढे चालू लागते.

शेतीवरही याची छाया आहे. १९९० च्या सुमारास रोजगार हमी योजनेतून फळबाग लागवडीची योजना आली आणि वरकस डोंगरउतारांवर आंब्या-काजूची कलमे उभी राहिली. भातशेतीच्या मानाने कलमांना वर्षभर माणूस लागत नाही. मुंबईत राहूनही बाग कराराने देता येते. भाताचे मळे मात्र वाडीवाडीतून पड राहू लागले, आणि पड जमिनीच्या कडेला माकडे आणि रानडुकरे यांचा उपद्रव असा वाढला की उरलेल्यांनाही शेती करणे कठीण झाले. यातील विरोधाभास असा की, याच रत्नागिरीच्या आंबा बागांत राखणीला नेपाळी कुटुंबे आणि मच्छीमार नौकांवर खलाशी म्हणून परप्रांतीय कामगार आणावे लागतात. काम नाही म्हणून गाव सुटले, हे अर्धेच सत्य होय. पोरांना शिकून जे काम हवे आहे ते गावात नाही, असे म्हणणे अधिक नेमके ठरेल. साक्षरतेत २०११ मध्ये सिंधुदुर्ग ८५ टक्क्यांच्या पुढे, राज्याच्या सरासरीच्या वर होता.

मुंबई शहराची घट निराळी

मुंबई शहर जिल्हा म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचे जुने बेट. त्याची लोकसंख्या २००१ मध्ये ३३ लाख ३८ हजार होती, ती २०११ मध्ये ३० लाख ८५ हजारांवर आली. टक्केवारीत ही राज्यातील सर्वांत मोठी घट. तरीही येथे दर चौरस किलोमीटरमागे साडेएकोणीस हजारांहून अधिक माणसे होती. रत्नागिरीत हाच आकडा १९७ आहे. तेव्हा दोन्ही उणे चिन्हे एका मापाने मोजणे चुकीचे. मुंबई शहरात १९८१ ते १९९१ या दशकातही घट झाली होती. चाळींच्या जागी मनोरे आले, गिरण्यांच्या जमिनींवर कार्यालये आणि मॉल आले, राहत्या जागेचे भाव नोकरदाराच्या आवाक्याबाहेर गेले आणि कुटुंबे उत्तरेला सरकली. माणूस राहायला गेला, पण रोज सकाळी लोकल पकडून पुन्हा तेथेच कामाला येतो. रत्नागिरीहून गेलेला माणूस असा संध्याकाळी परतत नाही.

ठाणे : एका नावाखाली अनेक जिल्हे

२०११ च्या ठाणे जिल्ह्यात १५ तालुके होते. एका बाजूला ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, वसई-विरार, मीरा-भाईंदर, भिवंडी, उल्हासनगर अशा सात महापालिका आणि दुसऱ्या बाजूला जव्हार, मोखाडा, तलासरी, विक्रमगड हे आदिवासी तालुके. १९९१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या ५२ लाख ४९ हजार होती, २००१ मध्ये ८१ लाख ३२ हजार आणि २०११ मध्ये १ कोटी १० लाख ६० हजार. वीस वर्षांत दुपटीहून अधिक. जो वसई-विरारचा पट्टा एकेकाळी केळीच्या आणि फुलांच्या बागांसाठी ओळखला जाई, तेथील महापालिकेची लोकसंख्या १२ लाखांवर गेली. पाणी, मैला, रस्ते, लोकलचे डबे यांपैकी काहीही या वेगाने वाढले नाही, हे तेथे राहणाऱ्यास सांगावे लागत नाही.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातून दहा वर्षांत वजा झालेली माणसे १ लाखाच्या आसपास, आणि ठाण्यात वाढलेली २९ लाखांवर. तेव्हा कोकणातील माणूस ठाण्यात गेला म्हणून ठाणे फुगले, असे सरळ समीकरण मांडता येणार नाही. ठाण्यात खानदेश, घाट, मराठवाडा येथून माणसे आली, उत्तर प्रदेश, बिहार, गुजरात, राजस्थानातून आली, मुंबईतून सरकलेली आली आणि तेथे जन्मलेल्यांची मोठी भर पडली. कोकणाचा वाटा या मोठ्या ओघातील एक धार होती. ठाण्याच्या हिशेबात ती लहान दिसते, रत्नागिरीच्या हिशेबात मात्र तेवढ्यानेच जिल्हा उणे होतो.

जिल्ह्याची सरासरीही किती फसवी असते, याचे रायगड हे उत्तम उदाहरण. १९.३ टक्के वाढ म्हणजे जिल्हा भरभराटीत आहे असे वाटावे. पण ही वाढ पनवेल-उरण-खालापूर या मुंबईला लागून असलेल्या भागाची. दक्षिणेकडील पोलादपूर, म्हसळा, तळा यांचे दैव रत्नागिरीशी जोडलेले आहे. अटल सेतू २०२४ च्या जानेवारीत खुला झाला आणि नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. त्यामुळे पुढील मोजणीत रायगडमधील ही दरी रुंदावलेली दिसली तर आश्चर्य वाटू नये.

माणसे गेली, आमदारही गेले

लोकसंख्येतील या बदलाचा सर्वांत थेट परिणाम लोकप्रतिनिधित्वावर होतो. २००१ च्या जनगणनेच्या आधारे मतदारसंघांची पुनर्रचना झाली आणि २००९ च्या निवडणुका नव्या रचनेनुसार झाल्या. विधानसभेच्या एकूण जागा २८८ च राहिल्या. राज्याची लोकसंख्या भागिले २८८ केल्यास २००१ च्या हिशेबाने एका जागेमागे सुमारे ३ लाख ३६ हजार माणसे येतात. या मापाने ठाणे जिल्ह्याच्या वाट्याला २४ जागा आल्या, पूर्वी त्या १३ होत्या. रत्नागिरीच्या ७ वरून ५ झाल्या, सिंधुदुर्गाच्या ४ वरून ३. खेड आणि संगमेश्वर, तसेच मालवण, वेंगुर्ले आणि देवगड ही नावे मतदारसंघांच्या यादीतून गेली.

लोकसभेतही असेच घडले. ज्या राजापूर मतदारसंघातून बॅ. नाथ पै आणि प्रा. मधु दंडवते यांच्यासारखे संसदपटू निवडून गेले, तो मतदारसंघच उरला नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्ग असा एक मतदारसंघ झाला आणि दापोली व गुहागर रायगडला जोडले गेले. ठाण्याच्या दोन जागांच्या मात्र ठाणे, कल्याण, भिवंडी आणि पालघर अशा चार झाल्या. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, २००१ मध्ये रत्नागिरी-सिंधुदुर्गाची लोकसंख्या घटलेली नव्हती, वाढलीच होती. इतरांपेक्षा सावकाश वाढली, एवढ्यावर तीन आमदार गेले.

हेच गणित २०११ च्या आकड्यांवर करून पाहता येते. हा शासकीय हिशेब नव्हे, केवळ प्रस्तुत प्रतिनिधीने केलेला भागाकार आहे. जागा २८८ च धरल्या तर एका जागेमागे सुमारे ३ लाख ९० हजार माणसे येतात. त्या मापाने रत्नागिरीला ४, सिंधुदुर्गाला २ आणि मुंबई शहराला १० ऐवजी ८ जागा बसतात. मुंबई उपनगरही २६ वरून २४ वर येते. पुणे २१ वरून २४ वर जाते आणि जुना अखंड ठाणे जिल्हा २८ वर. नव्या जनगणनेचे आकडे याहून वेगळे असतील, पण त्यांची दिशा उलटी असेल असे मानण्यास आधार नाही.

२००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने राज्याराज्यांतील लोकसभेच्या जागांचे वाटप २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठविले. त्यासंबंधी उत्तर आणि दक्षिण भारत यांच्यातील वादाची चर्चा देशभर होते. राज्याच्या आत कोकण, विदर्भ आणि मुंबई-पुणे पट्टा यांच्यात असाच प्रश्न उभा आहे, त्याची चर्चा मात्र तितकीशी होत नाही. एका माणसाला एक मत हे तत्त्व निर्विवाद आहे. पण सह्याद्रीच्या कड्यांपासून किनाऱ्यापर्यंत विखुरलेल्या शेकडो वाड्यांचा आमदार आणि नालासोपाऱ्यातील काही चौरस किलोमीटरांचा आमदार यांचे काम एका मापाचे नसते, हेही तितकेच खरे. लोकसंख्येबरोबर क्षेत्रफळालाही काही वजन मिळावे, ही मागणी त्यामुळे निव्वळ हट्टाची म्हणून झटकता येत नाही.

पटसंख्या आणि निकष

गावपातळीवर हा प्रश्न पटसंख्येच्या रूपाने येतो. वीसपेक्षा कमी विद्यार्थी असलेल्या जिल्हा परिषद शाळांच्या जागी 'समूह शाळा' उभारण्याचे प्रस्ताव राज्य शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये मागविले, तेव्हा अशा शाळांची राज्यातील संख्या पंधरा हजारांच्या घरात असल्याचे समोर आले. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, असा शिक्षण हक्क कायद्याखालील निकष आहे. कोकणात एक किलोमीटर म्हणजे पऱ्ह्या ओलांडून चढणीची वाट. पावसाळ्यात सहा-सात वर्षांच्या मुलाला ती एकट्याने पार करता येत नाही. शाळा बंद झाली की त्या वाडीतील उरलीसुरली दोन-चार तरुण कुटुंबेही मुलांसाठी शहराकडे वळतात. लोकसंख्या घटली म्हणून सोय काढली आणि सोय काढली म्हणून लोकसंख्या घटली, असा हा फेरा आहे.

प्राथमिक आरोग्य केंद्राचा निकष सपाट भागात ३० हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक असा आहे. ग्रामपंचायतीची सदस्यसंख्याही लोकसंख्येनुसार ७ ते १७ अशी ठरते. वित्त आयोगाच्या अनुदानातही लोकसंख्येला मोठे वजन असते. या सर्व निकषांत केवळ 'किती माणसे' हे पाहिले जाते, 'कोणत्या वयाची माणसे' हे फारसे पाहिले जात नाही. ज्या गावात साठीपुढची माणसे अधिक आहेत त्याची दवाखान्याची गरज डोकी कमी झाल्याने कमी होत नाही, उलट वाढते.

असा अनुभव केवळ महाराष्ट्राचा नाही. २००१ ते २०११ या दशकात केरळमधील पथनमथिट्टा आणि इडुक्की, तसेच उत्तराखंडमधील अल्मोडा आणि पौडी गढवाल या जिल्ह्यांतही लोकसंख्या घटली. उत्तराखंड सरकारने तर २०१७ मध्ये या प्रश्नाचा गावनिहाय अभ्यास करण्यासाठी स्वतंत्र पलायन आयोगच नेमला आणि त्याचे मुख्यालय पौडी येथे ठेवले. गाव कशामुळे सुटते, रोजगारामुळे, शाळेमुळे की दवाखान्यामुळे, याची नोंद ठेवण्याचा तो प्रयत्न आहे. कोकणाच्या बाबतीत असे तपशील आजही प्रामुख्याने ऐकीव माहितीवर बोलले जातात.

पुढील मोजणी वाचताना

नव्या जनगणनेसाठी घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ असा आणि शिरगणती फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरविण्यात आली. घरयादीत प्रत्येक इमारतीची आणि तिच्या वापराची नोंद होते. त्यामुळे कोकणातील रिकाम्या घरांचे चित्र लोकसंख्येच्या आकड्यांआधीच तयार होऊ शकते. ही जनगणना डिजिटल पद्धतीची असून कुटुंबाला स्वतःची माहिती स्वतः भरण्याची सोय तिच्यात आहे.

जिल्ह्यांची तुलना करताना एक गोष्ट विसरता कामा नये. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्याचे विभाजन होऊन आठ तालुक्यांचा पालघर जिल्हा निर्माण झाला. २०११ च्या लोकसंख्येपैकी सुमारे २९ लाख ९० हजार पालघरकडे आणि ८० लाख ७० हजार नव्या ठाण्याकडे जाते. जुन्या १ कोटी १० लाखांशी तुलना करायची तर दोन्ही जिल्ह्यांची बेरीज घ्यावी लागेल. नाही तर ठाण्याची लोकसंख्या घटली असा हास्यास्पद मथळा कोठेतरी छापून यायचा.

रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या आकड्यांबाबत मात्र एक निराळीच अडचण आहे. अनेक चाकरमान्यांचे मतदार यादीतील नाव गावचे असते, सातबाऱ्यावर नाव गावचे असते, आणि गावकीतील मानही गावचाच असतो. आपण गावचेच आहोत, असे त्यांना मनापासून वाटते. जनगणनेचा प्रश्न मात्र तुम्ही कुठले, असा नसून तुम्ही राहता कुठे, असा आहे, आणि विरारच्या खोलीत बसून अर्ज भरणाऱ्याची नोंद पालघर जिल्ह्यातच होणार.